‘आहे’ असं लिहिण्यापूर्वी

एप्रिल संपत आला की तळेघरच्या अंगणांत पाय ठेवायला जागा उरत नाही. जिथं म्हणून ऊन पोचतं तिथं हिरडा वाळत पडलेला असतो. ओट्यावर, ताडपत्रीवर, जुन्या लुगड्यावर. मंचरहून घोडेगाव, डिंभे करत भीमाशंकरला जाणारा रस्ता या गावावरून जातो, पण यात्रेकरूंचं लक्ष पुढच्या देवळाकडे लागलेलं असतं. मी मात्र दरवर्षी इथं उतरतो. एका ओळखीच्या घरी चहा घेतो, सगळ्यांची विचारपूस करतो. जमलं तर देवाला जातो, नाहीतर तिथूनच हात जोडून परततो.

या खेपेस चहाच्या आधी माझ्या हातात एक गुळगुळीत पुस्तिका आली. मुखपृष्ठावर काचेची उंच इमारत, तिच्यासमोर कोट घातलेली हसरी मुलं-मुली. घरातली थोरली नात घोडेगावला वसतिगृहात राहून बारावी कॉमर्सची परीक्षा देऊन आली होती. निकाल लागायचा होता. पुण्यातल्या एका खाजगी संस्थेचा माणूस आठवड्यापूर्वी घरी येऊन गेला होता. व्यवसाय व्यवस्थापनाची तीन वर्षांची पदवी, वर्षाची फी दीड लाख. जागा धरून ठेवायची तर पंचवीस हजार आधी भरायचे, आणि तेही पंधरा दिवसांत. मुलीच्या बापानं हिरड्याच्या व्यापाऱ्याकडे उचलीसाठी शब्द टाकला होता. आईच्या गळ्यातल्या डोरल्याचा विषयही निघून गेला असावा, कारण बोलताना तिचा हात पुन्हा पुन्हा तिथं जात होता.

‘‘सायेब, तुम्ही जन्म बँकेत काढला. तुम्हीच सांगा, पैसं भरू का नको?’’

प्रश्न साधा होता. पण मला चटकन उत्तर देता येईना. कारण याच घरासाठी, याच ओट्यावर बसून, मी पूर्वी एकदा एक शब्द लिहिला होता आणि त्या शब्दाची किंमत या घरानं मोजली होती.

गोष्ट १९८७ सालची. मी तेव्हा या भागातल्या एका शाखेत फील्ड ऑफिसर होतो. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रम, आमच्या बोलीत आयआरडीपी, जोरात होता. १९८० पासून तो देशातल्या सगळ्या विकासगटांत लागू झालेला. आदिवासी कुटुंबाला खर्चाच्या निम्मी सबसिडी, उरलेलं कर्ज. हेतू चांगला होता. पण मार्च जवळ आला की हेतू मागे पडायचा आणि टार्गेट पुढं यायचं. या मुलीच्या आजोबांना आम्ही म्हैस दिली. अर्जाच्या नमुन्यात एक रकाना होता : ‘दूध विक्रीची व्यवस्था’. त्यात मी स्वतःच्या हातानं लिहिलं, ‘आहे’.

ती नव्हती. दूध गोळा करणारी गाडी तेव्हा इतक्या वरपर्यंत चढत नव्हती. पावसाळ्यात रस्त्याचाच भरवसा नसे. खालच्या बाजारातून आणलेल्या म्हशीला इथला चार महिन्यांचा पाऊस सोसला नाही. दुसऱ्या श्रावणात ती गेली. कानात विम्याचा बिल्ला होता, पण कागदपत्रं पुरी पडली नाहीत. आजोबांनी कर्ज फेडलं, ते पुढचे तीन हंगाम हिरडा विकून. मला त्यांनी एका शब्दानं बोल लावला नाही. म्हणूनच ती गोष्ट माझ्या मनातून गेली नाही. मी दरवर्षी इथं उतरतो त्याचं खरं कारण भीमाशंकर नाही.

ती पुस्तिका चाळताना मला म्हणून धस्स झालं. मधल्या पानावर ठळक अक्षरांत छापलं होतं, ‘१०० टक्के प्लेसमेंट’. कुठं, किती पगारावर, किती मुलांना, कोणत्या वर्षी, काही नाही. रकाना एकच आणि त्यात एकच शब्द भरलेला : आहे.

हल्ली बारावीनंतर ‘बिझनेस’ शिकायचं म्हणणारी मुलं घरोघर आहेत. त्यात वावगं काहीच नाही. व्यापाराचं शिक्षण आपल्याकडे जुनं आहे. मुंबईत सिडनहॅम कॉलेज १९१३ साली निघालं, आशियातलं पहिलं वाणिज्य महाविद्यालय म्हणून ते ओळखलं जातं. पुण्यात डेक्कन एज्युकेशन सोसायटीनं १९४३ साली बृहन्महाराष्ट्र वाणिज्य महाविद्यालय सुरू केलं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं १९५३ साली मुंबईत सिद्धार्थ वाणिज्य व अर्थशास्त्र महाविद्यालय काढलं. या शेवटच्या घटनेकडे मी नेहमी आदरानं पाहत आलो आहे. ज्या घरांनी पिढ्यान् पिढ्या दुसऱ्याच्या वहीत अंगठा उमटवला, त्या घरांतल्या मुलांनी ती वही वाचायला आणि पुढं स्वतःची वही लिहायला शिकणं ही लहान गोष्ट नाही. तळेघरच्या मुलीनं वाणिज्य शिकावं की नाही, हा प्रश्नच माझ्या मनात नव्हता. प्रश्न होता तो कसं, कुठं आणि कशाच्या भरवशावर, एवढाच.

बी.कॉम. ही जुनी, सरळ पदवी. हिशेब, अर्थशास्त्र, कायदा, कर हा तिचा गाभा. नंतर व्यवस्थापनाच्या पदव्या आल्या. मुंबई विद्यापीठानं १९९९ साली बी.एम.एस. सुरू केलं, पुण्याकडे बी.बी.ए. रुळलं. यांत मार्केटिंग, माणसांची व्यवस्था, वित्त असे विषय आधीपासून येतात, आणि फी बहुतेक ठिकाणी चढी असते. २०२४-२५ पासून अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेनं हे अभ्यासक्रम आपल्या अखत्यारीत घेतले आणि महाराष्ट्रात त्यांच्या प्रवेशासाठी सीईटी सुरू झाली. तेव्हा अनेक महाविद्यालयांनी आपल्या अभ्यासक्रमाचं नाव बदलून त्याला बी.कॉम.चं शेपूट जोडलं आणि सीईटीच्या बाहेर राहिले. नाव बदललं म्हणजे शिक्षण वाईट झालं, असं मी म्हणणार नाही. पण पालकानं नावाच्या पुढंमागं काय लिहिलंय ते वाचायला हवं, एवढं खरं.

तळेघरच्या त्या मुलीनं सीईटीचा अर्ज भरलाच नव्हता, कारण अशी परीक्षा असते हेच तिला कोणी सांगितलं नव्हतं. आणि त्या माणसानं तर ‘सीईटीची कटकटच नाही’ हे आपल्या संस्थेचं भूषण म्हणून सांगितलं होतं. त्यामागचा अर्थ त्यानं सांगितला नव्हता. अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्यांना शासनाची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. पण ती देताना अभ्यासक्रम मान्य आहे का आणि प्रवेश कोणत्या मार्गानं झाला, हे पाहिलं जातं. केंद्रीय प्रवेशफेरीतून भरायच्या व्यावसायिक अभ्यासक्रमात, फेरी टाळून थेट व्यवस्थापनाच्या कोट्यातून घेतलेल्या जागेला ती सहसा मिळत नाही. म्हणजे ‘कटकट नाही’ या दोन शब्दांत घराचे लाखभर रुपये अडकू शकतात.

बँकेत कर्जाचा प्रस्ताव आला की आम्ही चार गोष्टी विचारायचो. पैसा कशासाठी? एकूण खर्च किती, लपलेला धरून? तयार झालेला माल घेणार कोण? आणि मध्ये काही बिघडलं तर हप्ता कुठून येणार? तीन वर्षांची पदवी हाही घरानं हाती घेतलेला प्रकल्पच आहे. मुलगी म्हणजे माल नव्हे, हे मलाही कळतं. पण प्रश्न तेच आहेत, आणि म्हशीच्या वेळी मी जे विचारले नाहीत ते निदान आता तरी विचारावेत म्हणून आम्ही ओट्यावर वही घेऊन बसलो.

खर्च आधी मांडला. फी दीड लाख, म्हणजे तीन वर्षांचे साडेचार लाख. हा आकडा सगळ्यांना माहीत होता. त्यापुढचा कोणी मांडला नव्हता. पुण्यात खोली आणि मेस मिळून महिन्याला आठ हजार धरा. वर्षाचे दहा महिने, तीन वर्षं, दोन लाख चाळीस हजार. लॅपटॉप, कपडे, जाणं-येणं, परीक्षेचे पैसे, आजारपण मिळून साठ हजार. बेरीज साडेसात लाख. आकडा लिहून झाल्यावर थोडा वेळ कोणी बोललं नाही. मुलीची आई उठून हिरडा चाळवायला गेली.

आता कर्ज. शैक्षणिक कर्ज मिळतं, आणि ते मागायला संकोच करू नये. चार लाखांपर्यंत सहसा तारण किंवा स्वतःचा हिस्सा मागत नाहीत. शिक्षण संपल्यावर साधारण एक वर्षानं हप्ते सुरू होतात. ही सवड मोठी सोय आहे, पण सवड म्हणजे माफी नव्हे. त्या काळातलं व्याज साचत असतं. ठरावीक उत्पन्नाच्या आतल्या कुटुंबांना ठरावीक अभ्यासक्रमांसाठी केंद्र सरकार ते व्याज भरतं, पण आपला अभ्यासक्रम आणि आपली संस्था त्यात बसते का, हे प्रवेशाआधी बँकेत जाऊन विचारायचं असतं, नंतर नाही. पाच लाख रुपये साडेदहा टक्क्यांनी दहा वर्षांत फेडायचे म्हटलं, तर महिन्याचा हप्ता पावणेसात हजारांच्या आसपास येतो. समजा, पदवीनंतर पुण्यात अठरा हजारांची नोकरी लागली. खोली, जेवण, बस यांत बारा गेले. उरले सहा. हप्ता पावणेसात. म्हणजे पहिल्या महिन्यापासूनच घरून पैसे मागवायचे, ज्या घराला हातभार लावायला ती शिकायला गेली होती त्या घरून.

मग दुसरे रस्ते मांडले. मंचरला रयत शिक्षण संस्थेचं अण्णासाहेब आवटे महाविद्यालय आहे, तिथं वाणिज्य शाखा आहे. अनुदानित वर्गांची फी काही हजारांच्या घरात असते आणि शिष्यवृत्ती मिळाली तर तीही फारशी उरत नाही. आदिवासी विकास विभागाची वसतिगृहं आहेत. वसतिगृहात जागा मिळाली नाही तर निवास-भोजनासाठी विद्यार्थ्याच्या खात्यात रक्कम देणारी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम योजना २०१६ पासून आहे. एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचं कार्यालय घोडेगावलाच आहे, त्यामुळे चौकशीला पुण्याला जावं लागत नाही. मात्र सरकारी पैसा ठरल्या दिवशी येईलच असं धरून घरभाडं ठरवू नये. तीन-चार महिन्यांची गंगाजळी हाताशी हवी. आणि सगळ्यांत आधी जात वैधता प्रमाणपत्र. त्याच्या अभावी कितीतरी मुलांच्या जागा हातातोंडाशी येऊन गेल्या आहेत. त्याची खटपट अकरावीतच सुरू व्हायला हवी.

पुण्यातच शिकायचं तर तोही मार्ग बंद नाही. एक वर्ष मंचरला बी.कॉम.ला बसून पुढच्या वर्षी सीईटी द्यायची आणि चांगल्या महाविद्यालयात शिष्यवृत्तीसह जायचं. किंवा बी.कॉम. पुरी करून, पंचावन्न टक्के मिळवून, सी.ए.च्या इंटरमीजिएटला थेट प्रवेश घ्यायचा. किंवा नोकरी धरून नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून पदवी घ्यायची. १९८९ साली ते विद्यापीठ निघालं ते अशाच, कामाला लागलेल्या माणसांसाठी. नव्या शैक्षणिक धोरणानुसार तीन वर्षांत पदवी, चौथं वर्ष केलं तर ऑनर्स, आणि अडचण आलीच तर पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र, दुसऱ्यानंतर पदविका घेऊन थांबण्याचीही सोय आहे. थांबण्याची सोय हा बेत नसावा, पण ती आहे हे घराला माहीत असावं.

इथवर माझं ठीक चाललं होतं. मग माझ्यातला लेखक जागा झाला. अंगणाकडे हात करून मी म्हणालो, ‘‘पोरी, तुझ्या कॉलेजच्या पुस्तकात जे असेल ते या अंगणात आहे बघ. ओला हिरडा वाळून किती उरतो, ही घट झाली. झोडल्यापासून विकेपर्यंत घरखर्च कशावर चालतो, ते खेळतं भांडवल. व्यापारी आधी उचल देतो आणि भाव पाडून घेतो, ते महागडं कर्ज. वळीव आला की माल काळा पडतो, ती जोखीम. तू हे शीक आणि हिरड्याचाच धंदा कर. गावाचं सोनं होईल.’’

ती पहिल्यांदाच बोलली. आवाज चढवला नाही. म्हणाली, ‘‘आजोबा, हिरड्याचं तुम्हाला कौतुक आहे. पाठ माझ्या आईची दुखते. मला ऑफिसात बसून काम करायचंय. पुण्यातली पोरगी हे म्हणाली असती तर तुम्ही तिला तिच्या बापाचं दुकान चालव म्हणाला असता का?’’

नसतो म्हणालो. माझ्या स्वतःच्या मुलानं बँकेत शिरू नये म्हणून मी काय काय केलं, ते मला आठवलं. आदिवासी मुलानं शिकावं, पण शिकून पुन्हा रानातच यावं, म्हणजे आम्हा शहरातल्यांना बरं वाटतं, अशी ही गोड जबरदस्ती असते. १९८७ साली तिच्या आजोबांना काय हवं होतं हे न विचारता मी म्हैस देऊन मोकळा झालो होतो. आता नातीला काय हवं हे न विचारता हिरडा देत होतो. मी तिची क्षमा मागितली. ती ओशाळली, तिचा बाप हसला, आणि आम्ही पुन्हा वहीकडे वळलो.

पण एक गोष्ट मी सोडली नाही, आणि ती मला आजही बरोबर वाटते. या अंगणात तिला जे कळतं ते तिनं टाकून देऊ नये. गावात राहायचं म्हणून नव्हे, तर तिच्याजवळचं ते भांडवल आहे म्हणून. पुण्याच्या वर्गात ‘मागणी आणि पुरवठा’ शिकवतील तेव्हा शेजारचा मुलगा पाठ करील. हिला पाठ करावं लागणार नाही. ज्या वर्षी सगळीकडे हिरडा लागला त्या वर्षी भाव काय झाला, हे तिनं पाहिलंय. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आलं, त्यात या डोंगरांतली हिरड्याची झाडं मोडली. भातशेतीचं नुकसान दिसतं, रानातल्या झाडाचं कागदावर दिसत नाही, म्हणून भरपाईसाठी लोकांना पुढं कैक वर्षं झगडावं लागलं. मालमत्ता म्हणजे काय, ती कुणाच्या नावावर असते आणि नोंद नसली की काय होतं, याचा याहून चांगला धडा कोणत्या पाठ्यपुस्तकात मिळेल? आदिवासींचा माल रास्त भावानं घेतला जावा म्हणून १९७२ साली आदिवासी विकास महामंडळ स्थापन झालं. तरीही तिचा बाप उचलीसाठी व्यापाऱ्याकडेच का जातो? डिंभे धरणाच्या पाण्याखाली ज्यांच्या जमिनी गेल्या, त्यांतल्याच काहींनी त्या पाण्यात मासेमारीची सहकारी संस्था उभी केली. ती कशी चालते? नव्या अभ्यासक्रमात फील्ड प्रोजेक्ट आणि प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण सक्तीचं आहे. बहुतेक मुलं कुठल्या तरी ओळखीच्या दुकानाचा शिक्का मारून आणतात. तिनं हे प्रश्न घेतले तर मुलाखतीत तिच्याजवळ बोलायला स्वतःचं काही असेल. पुढं ती बँकेत गेली, कंपनीत गेली, कुठंही गेली तरी.

हे सारं तळेघरचं झालं, आमचा काय संबंध, असं कोथरूडच्या किंवा ठाण्याच्या वाचकाला वाटेल. पण गेल्या दोन-चार वर्षांत माझ्याकडे सल्ल्याला आलेल्या शहरी घरांत मी काय पाहिलं? ‘गणित नको म्हणतो, म्हणून बी.बी.ए.’ ‘इंजिनीअरिंगला नंबर लागला नाही, म्हणून बी.बी.ए.’ ‘भाचा तिथंच आहे, म्हणून तेच कॉलेज.’ गणित नको असलेल्या मुलाला पहिल्याच वर्षी संख्याशास्त्र आणि हिशेब भेटतात, तेव्हा फी भरून झालेली असते. कॉलेजची इमारत पाहायला सगळं कुटुंब जातं, ग्रंथालयात कोणी डोकावत नाही. प्लेसमेंटचा सर्वांत मोठा पगार सगळ्यांना पाठ असतो, मधल्या मुलाला किती मिळाला हे कोणी विचारत नाही. आणि मुलाला काय करायचंय हे तर शेवटी, प्रवेश झाल्यावर, पेढे वाटताना. साडेसात लाख त्यांना जड नसतील. तीन वर्षं सगळ्यांनाच सारखी असतात.

म्हणून पालकांना माझं एवढंच सांगणं आहे. या जून-जुलैत घाई होणारच. पण पैसे भरण्याआधी एक संध्याकाळ मुलाबरोबर वही घेऊन बसा. पदवी कोणत्या विद्यापीठाची? मान्यता कुणाची? शिकवणारे पूर्णवेळ किती? गेल्या वर्षी बाहेर पडलेल्या, आपल्यासारख्याच मार्कांच्या तीन मुलांशी बोलणं झालं का? शिष्यवृत्ती या जागेला लागू आहे, हे कुणी तोंडी सांगितलं की लेखी? प्रवेश सोडला तर किती पैसे परत? पहिल्या वर्षाअखेर मुलाला काय यायला हवं? इंग्रजीतून एक पानभर पत्र, संगणकावर जमाखर्चाचा तक्ता, बँकेचं पासबुक वाचून त्याचा अर्थ. यांतलं काहीच आलं नाही, तर दुसऱ्या वर्षाची फी भरण्याआधी पुन्हा बसायचं. आणि शेवटचा प्रश्न मुलाला, एकट्याला : हे तुला हवंय का?

यांतल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर मिळेलच असं नाही. न मिळालं तर रकाना कोरा ठेवायचा. कोऱ्या रकान्याला भिऊ नये. माझा बँकेतला अनुभव असा, की बुडालेल्या प्रकल्पांत कोरे रकाने थोडे होते. ऐकीव भरलेले पुष्कळ होते.

त्या दुपारी वही मुलीच्याच हातात होती. मी सांगत गेलो, ती लिहीत गेली. मंचरच्या वसतिगृहाचं बोलणं निघालं तेव्हा मी ठसक्यात म्हणालो, ‘‘लिही, मुलींचं वसतिगृह आहे.’’ तिनं लिहिलं. नंतर चष्मा लावून मी पाहिलं, तर तिथं शब्द होते : ‘आहे म्हणतात. बघून यायचं.’

मी तिला म्हशीची गोष्ट सांगितली नव्हती. बहुधा घरात कोणीतरी सांगितली असणार.

पंचवीस हजार भरले गेले नाहीत. निकालानंतर तिचा फोन आला. ती आईला घेऊन एसटीनं मंचरला जाऊन आली होती, प्रकल्प कार्यालयातही गेली होती. सात प्रश्नांपैकी पाचांची उत्तरं मिळाली होती, दोघांसाठी पुन्हा बोलावलं होतं. तिनं शेवटी प्रवेश कुठं घेतला हे मी मुद्दामच इथं लिहीत नाही. ते वाचून कुणी तिथंच जाईल, आणि मग या लेखाचा उपयोग काय? ज्याची त्यानं वही काढावी. फोन ठेवताना तिनं विचारलं, ‘‘आजोबा, उरलेल्या दोन रकान्यांत काय लिहू?’’

म्हटलं, ‘‘जाऊन ये, मग लिही.’’